दुकान वाढवायचं आहे

सोलापूर,
९ जून २०२५

चि. दिपालीस,

पाकीट पाहून तुला वाटेल, मामी कोणत्या काळात राहते. पण दोष माझा नाही. मागच्या आठवड्यात मी दुकानातल्या संगणकावरून तुला एवढी मोठी ईमेल केली आणि तू फोनवर म्हणालीस, "मामी, नुसत्या किडेमुंग्या आल्यात." तुझ्या मामांच्या यंत्रातली मराठी अक्षरं जुनी. ती आतून इंग्रजीच असतात, वरून मराठीचं सोंग घेतात. ज्या यंत्राला हे सोंग ठाऊक नाही तिथे ती उघडी पडतात. म्हणून इथेच टाइप करते, इथेच छापते आणि पोस्टात टाकते. कागदावर उतरलेलं अक्षर बंगळुरूला गेलं तरी बदलत नाही.

आणि फोनवर आपलं बोलणं होतं कुठे? तू मीटिंगमध्ये, नाही तर माझ्यासमोर गिऱ्हाईक. "बरं, ठेवते" हेच दोघींचं जास्त.

इकडे ठीक आहे. आषाढात मामांना जाऊन दोन वर्षं होतील. मी जेवते, झोपते, वाचनालयात जाते. तुझ्या आईला सांग, भावाच्या माघारी वहिनी वाळत चाललेली नाही. बिरप्पा भाऊजी गावाकडून येऊन नवी घोंगडी देऊन गेले. म्हणाले, "वयनी, आत्ता थंडी न्हाय, पर ऱ्हाऊ द्या. मेंढरं आपलीच हायत."

दुकानाचं म्हणशील तर लग्नसराई संपली. लोक पत्रिका फोनवरच करतात आणि फोनवरच पाठवतात. छापतात ती देवापुढे ठेवण्यापुरती. मामांचं यंत्र सकाळी उठायला माझ्या गुडघ्यांइतकाच वेळ घेतं. तेव्हा मी ठरवलंय, दिवाळीच्या आत दुकान वाढवावं. गाळा शेजारच्या टॉवेलवाल्या सुंदरम्माचा, म्हणून तिच्याही कानावर घातलं. ती टॉवेलांच्या गठ्ठ्यावर बसून बराच वेळ काही बोलली नाही.

तब्येत सांभाळ. बाहेरचं कमी खा.

तुझी
केरामामी


बंगळुरू,
१७ जून २०२५

मामी,

टपाल आलंय म्हणून वॉचमनने मला खाली बोलावलं. त्याला वाटलं कोर्टाची नोटीस आहे. मराठीत छापलेला कागद बघून म्हणाला, "मॅडम, सीरियस?" मी म्हटलं, मामी आहे, सीरियसच.

तू दुकान वाढवणार, हे मी तीनदा वाचलं. मला इतका आनंद झालाय की काय सांगू. मामा गेल्यावर आम्ही सगळे म्हणत होतो, मामी आता दुकान चालवणार नाही. आणि तू वाढवायला निघालीस. सुंदरम्मा गप्प बसली म्हणजे भाडं किती सांगावं याचा विचार करत असणार. शेजारचाही गाळा घेतेयस ना? आईला मी काही बोलले नाही. ही बातमी तूच दे.

आता कामाचं. दुकान वाढवायचं तर आधी यंत्र बदल. कोणतं घ्यायचं ते मी सांगते, कारण माझा दिवसच या भांडणात जातो. मी ॲपचे पडदे म्हणजे स्क्रीन काढते, बटण कुठे असावं ते ठरवते, आणि आमच्याकडे यावरून जेवायच्या टेबलावर तट पडतात.

मॅक बनवणारे लोक यंत्रही स्वतःच बनवतात आणि आत चालणारा कारभारही, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीम. तुला काय लागेल याचा विचार त्यांनी आधीच केलेला असतो. तू फक्त वापरायचं. विंडोजवाले मुख्यतः कारभार बनवतात, यंत्रं बनवणारे दुसरे शंभर. त्यांना सगळ्यांशी जमवून घ्यावं लागतं. वीस वर्षांपूर्वीचा प्रोग्रॅमसुद्धा बहुतेक वेळा चालवून घेतात, म्हणून जुनं ओझं वागवत चालतात. आणि लिनक्स म्हणजे जगभरच्या लोकांनी मिळून बनवलेलं. फुकट घ्या, आत हात घाला, हवं तसं बदला. बिघडलं तर मात्र आधी स्वतःलाच विचारायचं.

माझं ऐक, मॅक घे. मामा असते तर ओरडले असते. पण तू घे.

दिपाली


सोलापूर,
४ जुलै २०२५

चि. दिपालीस,

शेजारचा गाळा घेत नाही. एवढं आधी लिहिते. बाकी सावकाश बोलू.

तुझं पत्र मी जेवताना वाचलं आणि भाकरी गार झाली. यंत्रांची भांडणं इतकी माणसांसारखी असतील असं वाटलं नव्हतं. मामांच्या कपाटात संगणकाची जुनी पुस्तकं आहेत, ती शब्दकोश घेऊन वाचायला बसले. निम्मं कळलं. पण तू लिहिलंस ते डोळ्यांनी बघावं म्हणून सुंदरम्माला घेऊन थेट मॅक विकणाऱ्या दुकानात गेले.

तिथली मुलगी म्हणाली, "काकू, हात लावून बघा." लावला. थंडगार, गुळगुळीत, कुठे शिवण नाही. मी ते उचलून उलटं केलं तशी ती घाबरली.

"काय बघताय, काकू?"

"स्क्रू बघते. हे उघडायचं कुठून?"

"उघडायची गरजच पडत नाही, काकू."

सुंदरम्मा माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "केरा, सून अशी बघावी. दिसायला चांगली, आणि पोटात काय हाय त्ये कुणाला सांगत न्हाय."

रस्त्याने येताना मला सुंदरम्माच्या नवऱ्याच्या कारखान्यातल्या चादरी आठवल्या. चादरीची नक्षी आधीच कार्डांत भोकं पाडून ठरवलेली असते. माग एकदा सुरू झाला की विणकरालाही मध्ये बोट घालता येत नाही. म्हणून तर ती अशी देखणी उतरते. आणि फाटली की फाटली. मामांचं यंत्र म्हणजे आमच्याकडची घोंगडी. दोन पट्ट्या मधोमध शिवलेल्या. एक झिजली तर उसवून दुसरी लावता येते, पण ती शिवण जन्मभर पाठीला टोचते. मामांनी एकाकडून डबा आणला, दुसऱ्याकडून पंखा, तिसऱ्याकडून अजून काही, आणि सगळ्यांचं एकमेकांशी पटवता पटवता दुपार व्हायची. तुझं ते फुकटवालं मला वाकळेसारखं वाटलं. ज्याचं लुगडं त्याने द्यावं, चार बायकांनी टाके घालावेत. ऊब चांगली. धुवायची पाळी आली की मात्र एकही बाई दिसत नाही.

मामा म्हणायचे, ज्याचं झाकण उघडता येतं ते आपलं. तू लहान असताना सुट्टीत यायचीस तेव्हा डब्याची एक बाजू कायम उघडी असायची आणि समोर टेबलफॅन, आठवतं? मी म्हणायचे, झाका ते, धूळ जाते. ते म्हणायचे, "जाऊ दे, वारं पण जातं की."

खरं असेल त्यांचं. पण उघडणारेच गेले. मग ते उघडं यंत्र माझ्या दृष्टीने बंदच. त्या हिशेबाने तुझं बिनझाकणाचं बरं. ते कुणालाच उघडता येत नाही, त्यामुळे कुणी गेल्याचं त्याला कळणार नाही.

असो. आभाळ नुसतं येतं आणि जातं. शेंगाची चटणी वेगळी पाठवली आहे, वॉचमनलाही दे.

तुझी
केरामामी


बंगळुरू,
१६ जुलै २०२५

मामी,

चटणी पोचली. वॉचमन आता रोज विचारतो, मामीचं पत्र आलं का. पत्राशी त्याला काही देणंघेणं नाही.

वाकळेबद्दल तू चुकलीस. लिनक्सवाले धुवायलाही येतात. पण आधी तासभर विचारतात, पाणी कुठलं वापरलं.

चादरीचं मात्र मी ऑफिसात सगळ्यांना सांगितलं. आणि कुणी गेल्याचं यंत्राला कळणार नाही, हे तुझं वाक्य कुणालाच सांगितलं नाही.

एका गोष्टीवर मी तुझ्याशी भांडणार आहे. झाकण नसणं ही घमेंड नसते, काळजीही असू शकते. मागे आम्ही वयस्कर लोकांसाठी गोळ्यांची आठवण करून देणारं ॲप केलं. पहिल्या वेळी मी त्यात सगळं दिलं. रंग बदला, आवाज बदला, वेळा बदला. एका आजोबांनी चुकून सगळ्या वेळा पुसल्या. मग मी एकच मोठं बटण ठेवलं, "घेतली". बाकी सगळं झाकून टाकलं. आजोबांना स्क्रू सापडू नये अशी माझी इच्छा होती, मामी. त्यात त्यांचा अपमान नव्हता.

पण मामाही खोटे नव्हते. माझं आधीचं मॅकचं यंत्र चार वर्षांत अपुरं पडायला लागलं. त्यात मेमरी वाढवता येत नाही, आतच जोडून टाकलेली असते. कामासाठी मी नवीन घेतलं, जुनं कपाटात पडून आहे. ते पुसून तुला पाठवते. तुझ्या कामाला ते भरपूर आहे. नको म्हणू नकोस.

सोबत दुकानाच्या नव्या बोर्डाचा नमुना आहे. मामांचं नाव मधोमध घेतलंय आणि अक्षरं त्यांना आवडायची तशी गोल, ठसठशीत. चार रविवार बसले होते त्याच्यावर. आवडला तर सांग, नाही आवडला तरी सांग.

दिपाली


सोलापूर,
१४ ऑगस्ट २०२५

चि. दिपालीस,

उत्तराला उशीर झाला. तुझा बोर्ड मी मोठा छापून, पुठ्ठ्यावर चिकटवून भिंतीला टेकवून ठेवलाय. गिऱ्हाईक विचारतं, हे नवीन कधी लावणार? मी म्हणते, बघू.

बोर्डातला "सिद्धराम" मला फार आवडला. द्ध अगदी त्यांच्या हातचा वाटतो.

मध्ये काय झालं ते सांगते. गणपती मंडळाची निमंत्रणं छापायची होती आणि त्याच सकाळी यंत्र उठेना. बटण दाबलं की पंखा फिरायचा आणि आतून पीं-पीं अशा लांब लांब हाका यायच्या, पडदा मात्र काळाच. मंडळाचे दोघे समोर उभे. एक म्हणाला, "मावशी, गेलं वाटतं ते." मला ते वाक्य ऐकवलं नाही. मी त्यांना चहा प्यायला पाठवलं.

मग खाली बसले आणि उघड्या बाजूने आत बघत राहिले. इतक्या वर्षांत मी तिथे फक्त फडकं फिरवलं होतं. पण बघितलं तर होतंच की रोज. अशा हाका आल्या की मामा एक हिरवी पट्टी खटकन काढायचे आणि शाळेतल्या पोरासारखे खोडरबराने तिची पिवळी कडा घासायचे. मी हसायचे, म्हणायचे, "काय चुकलं म्हणून खोडताय?" मी ती पट्टी काढली. खोडरबर टेबलाच्या खणात होतंच. घासली, फुंकर मारली, परत बसवली. पहिल्यांदा पुन्हा हाका. पट्टी अर्धीच बसली होती. अंगठ्यांनी जोर दिला तेव्हा खट्ट झालं, आणि पडदा उजळला.

मी तिथेच जमिनीवर थोडा वेळ बसले. आनंद झाला होता. बाकीचंही होतं, ते रोजचंच आहे.

निमंत्रणं वेळेत गेली. त्याच आठवड्यात एक शिक्षक पेनड्राइव्ह घेऊन आले. त्यांच्या शाळेचे कित्येक वर्षांचे मराठीचे पेपर त्यात, आणि नव्या संगणकावर सगळ्या किडेमुंग्या. चार ठिकाणी फिरून आले होते. मामांच्या यंत्राला लावलं आणि सगळं मराठी लख्ख उभं राहिलं. तू ज्याला ओझं म्हणालीस ना, ते हेच असावं. त्याने काही टाकून दिलेलं नाही.

संध्याकाळी काम संपलं की मामा कधी "संगणक बंद कर" म्हणायचे नाहीत. म्हणायचे, "केरा, वाढव त्याला आता." आणि एक गंमत दर वेळी सांगायचे. जुन्या विंडोजमध्ये यंत्र बंद करायला आधी "स्टार्ट" दाबावं लागतं. म्हणायचे, "बघ, सातासमुद्रापलीकडच्या लोकांच्या तोंडातूनबी बंद हा शब्द निघत न्हाय. आपल्यासारखेच दिसतात." तुम्ही पडदे काढणारे लोक याला चूक म्हणत असाल. मामांना ती रीत वाटायची.

तुझं यंत्र पाठवायची घाई करू नकोस.

तुझी
केरामामी


बंगळुरू,
२९ ऑगस्ट २०२५

मामी,

तुझ्या पत्रातलं "वाढव त्याला" मला कळलं नाही. संगणक कसा वाढवायचा? म्हणून आईला फोन करून विचारलं. आई म्हणाली, "अगं येडे, वाढवायचं म्हंजी बंद करायचं. दुकान बंद करायचं असं कुणी म्हणत न्हाय, वाढवायचं म्हणत्यात. नारळबी फोडत न्हाईत, वाढवत्यात. तुला कसलं शिकवलं आमी?"

मी फोन ठेवला आणि तुझं जूनचं पत्र काढलं.

मामी, तू दुकान बंद करत होतीस. तू मला सरळ लिहिलं होतंस आणि मी गाळा घे म्हणाले, मॅक घे म्हणाले. बोर्ड काढून पाठवला. तू तो भिंतीला टेकवून ठेवलास आणि मला शब्दानेही सांगितलं नाहीस. सुंदरम्मा गप्प का बसली तेही आत्ता कळलं. बटणावर कोणता शब्द असावा यावर मी लोकांना भाषणं देते, आणि घरातला शब्द मला वाचता आला नाही.

आईला पुन्हा फोन करून सगळं सांगितलं तेव्हा ती आधी खूप हसली. मग म्हणाली, "वहिनीनं दुकान खरंच वाढवलं तर दादाचं नाव कुटं राहील गं?" आणि तिने फोन ठेवून दिला.

मी आता काही सुचवत नाही. बंद करायचं असेल तर कर, मी सामान आवरायला येईन. फक्त एकदा साध्या शब्दांत लिही. काय ठरवलंयस?

दिपाली


सोलापूर,
२६ ऑक्टोबर २०२५

चि. दिपालीस,

दिवाळी झाली. तू आणि तुझी आई येऊन गेलात, घर चार दिवस भरलेलं होतं. तू समोर होतीस तेव्हा तुझ्या प्रश्नाचं उत्तर मी दिलं नाही, तूही पुन्हा विचारलं नाहीस. दोघी अनारसे तळत राहिलो. आपल्याला लिहायचीच सवय लागली म्हणायची.

साध्या शब्दांत लिही म्हणालीस, तर लिहिते.

मामा गेले त्या दिवशी बायका जमल्या आणि एक जण म्हणाली, "बांगड्या वाढवा आता." कुणी वाईट म्हणून बोललं नव्हतं. आपल्यात अशुभ शब्द तोंडातून काढत नाहीत. पण मला त्या शब्दाचा राग आला, तो अजून गेलेला नाही. काय वाढलं होतं त्या दिवशी? नंतर दुकानाबद्दल लिहायची वेळ आली तेव्हा माझ्याही हातून तोच शब्द उतरला. दुसरा येतच नाही.

आणि तू तो सरळ वाचलास. जसा लिहिलाय तसा. तुझं पत्र आलं तेव्हा तुझी चूक मला वाचताक्षणीच कळली होती. सुधारावी म्हणून कागद घेऊन बसले, आणि शेजारचा गाळा नको एवढंच लिहून झालं. या शब्दाचा असा अर्थ कुणीतरी घेतला, तो मला पुसावासा वाटेना. म्हणून मॅक बघायला गेले. विकत घ्यायचं नव्हतं, तुला लिहायला काहीतरी हवं होतं. नंतर मला खरंच जाणून घ्यावंसं वाटायला लागलं.

आता ऐक. त्या शिक्षकांनी दुसऱ्या दोन शाळांना सांगितलं. वाचनालयाची जुनी सूचीही माझ्याकडे आली. माझं काम असं चालतं. मामांच्या यंत्रावर जुनी फाइल उघडते, तिथून ती बदलून तू मागाहून पाठवलेल्या यंत्रावर घेते. बदलताना पहिली वेलांटी आणि रफार आपली जागा सोडून भलत्याच अक्षरावर जाऊन बसतात. ते एकेक उचलून जागेवर आणावे लागतात. त्यासाठी मराठी वाचणारं माणूस लागतं, आणि ते मी आहे. दोन्ही यंत्रं एकाच टेबलावर आहेत. एकाची बाजू उघडी, समोर टेबलफॅन. दुसऱ्याला शिवणसुद्धा नाही. एक काही विसरत नाही आणि एक काही बोलत नाही. मधे माझी खुर्ची. आधी वाटलं होतं यातलं एक निवडावं लागेल. पण एक असतं तर हे काम झालंच नसतं. मामांना हे सांगायला हवं होतं. ते भांडले असते, आणि मग गिऱ्हाइकांना स्वतःचीच कल्पना म्हणून सांगितली असती.

बोर्ड काल लावला. मामांच्या नावाखाली मी एक ओळ वाढवली आहे, तुला न विचारता. "किडेमुंग्यांचं मराठी करून मिळेल." सुंदरम्मा रस्त्यावर उभी राहून वाचत होती. म्हणाली, "लोक औषध मागायला येतील की गं, मुंग्यांवरचं." सकाळी खरंच एक जण आला.

गाळा सोडत नाही म्हणून तिला सांगितलं. ती टॉवेलांच्या त्याच गठ्ठ्यावर बसली होती. म्हणाली, "मला कुटं सांगितलं होतंस सोडणार म्हणून? मला काय ऐकूच आलं न्हवतं."

हे पत्र तुझ्या यंत्रावर टाइप केलंय, नव्या अक्षरांत. ईमेल केली असती तर क्षणात आणि धड पोचली असती. पण वॉचमनचं मन मोडवत नाही, आणि चटणीही ईमेलने जात नाही.

सात वाजत आले. सुंदरम्माने शटर ओढलं. मीही आता दुकान वाढवते. उद्या सकाळी वाचनालयाची माणसं येणार आहेत, लवकर उघडायचं आहे.

तुझी
केरामामी